तीन ड्रोनचं हवाई दल

ते पहिल्यांदा कऱ्हाटीला आले तेव्हा एक माणूस उसात पळून गेला होता.

झालं असं, की आमच्या शेतकरी गटाने ड्रोनने उसावर फवारणी करायचं काम सुरू केलं होतं. त्या कामावर नजर ठेवायला कुणीतरी शिस्तीचा माणूस हवा, म्हणून गटाच्या अध्यक्षांनी सांगवीच्या एका निवृत्त गृहस्थांना गळ घातली. बत्तीस वर्षं हवाई दलात काढलेली, बाहेर पडताना हुद्दा मास्टर वॉरंट ऑफिसर. एवढं लांबलचक कोण बोलणार? गटातल्या कुणीतरी कऱ्हाटीला फोन करून निरोप दिला, "उद्या सकाळी वॉरंट येतंय, घरीच थांबा." ज्याला निरोप दिला त्याची बांधावरून भावकीत केस चालू होती, आणि तो लागोपाठ दोन तारखांना कोर्टात फिरकला नव्हता. सकाळी खाकी शर्टातला ताठ माणूस मोटरसायकलवरून उतरताना दिसला, तसा गडी चहाची बशी तशीच ठेवून मागच्या दाराने उसात.

वॉरंटसाहेब बांधावर उभे राहिले आणि ओरडले, "बाहेर या! मी फवारणीचा हाय!"

उसातून आवाज आला, "कशाचं बी असू दे, मी घरी न्हाय!"

त्या दिवसापासून ते सगळ्या तालुक्याचे 'वॉरंट' झाले. तोंडावर वॉरंटसाहेब, माघारी वॉरंट. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनाच ते रुचलं नसतं. ते आता इथे नसतात, नागपूरला मुलीकडे असतात, आणि तिथल्या सोसायटीच्या लिफ्टवाल्याला रोज लिफ्टची तपासणी करायला लावत असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

मी त्या गटाची ड्रोन पायलट. लग्न होऊन कऱ्हाटीला आले, बारावी सायन्स झालेली होते, बचत गटातून प्रशिक्षणाला नाव गेलं आणि परवाना घेऊन आले. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "आमची सून इमान चालवती." मी दुरुस्ती करायचे, "आई, मी जमिनीवरच उभी असते." त्या म्हणायच्या, "ते सांगू नगंस."

आमच्याकडे तीन ड्रोन होते. पायलट दोन: मी आणि सोमनाथ. मुख्यालय म्हणजे बारामती-भिगवण रस्त्याला लागून असलेली पत्र्याची शेड, जिच्यात पूर्वी कोंबड्या होत्या आणि उन्हाळ्यात अजूनही असल्यासारखं वाटायचं. या ऐवजावर वॉरंटसाहेबांनी एक संपूर्ण हवाई दल उभं केलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेडची एक भिंत चुन्याने रंगवून घेतली आणि तिच्यावर निळ्या रंगात तक्ता काढला. सगळ्यात वर चीफ. त्याच्या खाली कमांड. कमांडखाली विंग, विंगखाली स्क्वाड्रन, स्क्वाड्रनखाली फ्लाइट. आमच्यापुरतं सांगायचं तर सांगवी-कऱ्हाटीची बाजू ही पश्चिम कमांड, भिगवणपासून इंदापूरपर्यंतची पूर्व कमांड. शेडमधलं लाकडी टेबल ही मेंटेनन्स कमांड. मला आणि सोमनाथला त्या टेबलापुढे बसवून ते रोज अर्धा तास शिकवायचे, ती ट्रेनिंग कमांड. "खऱ्या हवाई दलात बी असंच असतं," ते म्हणायचे, "पाच कमांड लढायच्या आनि दोन बिनलढायच्या. एक शिकवणारी, एक दुरुस्त करनारी. लोक त्या पाचांचं नाव घेतात. पन ह्या दोन न्हाईत तर त्या पाच घरी बसून भजी तळतील."

फवारणीची नोंदणी करायला शेतकरी यायचे, ते नंबर लागेपर्यंत हा तक्ता वाचत बसायचे. कऱ्हाटीचे एक आबा होते, पंच्याहत्तरी उलटलेले, त्यांना एकदा काठीने तक्ता समजून घ्यायचा झटका आला.

"ह्यो स्क्वाड्रन लीडर," आबांनी काठी टेकवली, "ह्यो स्क्वाड्रनचा म्होरक्या का?"

"न्हाय. स्क्वाड्रनचा म्होरक्या विंग कमांडर."

"मग विंगचा म्होरक्या?"

"ग्रुप कॅप्टन. कुठं कुठं एअर कमोडोर."

आबांनी थोडा विचार केला. "म्हंजी स्क्वाड्रन लीडर स्क्वाड्रनचा लीडर न्हाय, आनि विंग कमांडर विंगचा कमांडर न्हाय."

"बरोबर."

"कळलं," आबा म्हणाले, "आपल्या गावात सरपंच सुनबाई हायत आनि कारभार त्यांचा दीर बघतो, तसंच."

वॉरंटसाहेबांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या टोपीत शेण टाकलं. पण आबांचं समाधान झालं नव्हतं. "मग प्रत्यक्षात इमान कोन चालवतं?"

वॉरंटसाहेबांनी तक्त्याच्या पार खालच्या बाजूला बोट ठेवलं. "ह्ये पोरगं. फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट."

"सगळ्यात खालचं?"

"अधिकाऱ्यांत सगळ्यात खालचं."

"आनि तेच सगळ्यात वर जातं?"

"व्हय."

आबा काठी आपटून हसले. "आनि म्हनं सरकारला डोकं नसतं."

या तक्त्याचा सगळ्यात जास्त आनंद आमच्या अध्यक्षांना झाला होता. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मोठा ऊस, मोठं पोट, मन वाईट नाही, पण फोटोत मधोमध उभं राहायची फार हौस. वॉरंटसाहेबांनी त्यांना 'चीफ' करून टाकलं. अण्णा दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, "चीफच्या वर कुणी नसतंय ना?"

"असतं की. संरक्षण मंत्री, सरकार, आनि टोकाला राष्ट्रपती. गणवेश न घातलेली मानसं. आपल्याकडं म्हंजी सर्वसाधारण सभा."

"सभासद? ती चहा-बिस्किटाला येणारी मंडळी?"

"तीच. ती सांगणार कुठं लढायचं. तुमी सांगणार कसं लढायचं."

अण्णांनी तक्त्याकडे पुन्हा पाहिलं ते जरा नाराजीनेच.

स्वतः वॉरंटसाहेब कुठे बसतात, हे मात्र तक्त्यात नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी अधिकारी न्हाय आनि साधा जवान बी न्हाय. अठराव्या वर्षी एअरक्राफ्ट्समन म्हणून लागलो, मग कॉर्पोरल, सार्जंट, करत करत वॉरंट. जवानांच्या शिडीचा शेवटचा दांडा. जवान सलाम करतो, अधिकारी सलाम घेतो, आनि सलाम नीट झाला का न्हाय ते वॉरंट बघतो."

लोकांना वाटायचं ते लढाऊ विमान चालवत होते. त्यांनी ते एकदाही चालवलं नव्हतं. विमानाचा सांगाडा, पंख, चाकं यांची दुरुस्ती करणारे ते. भिगवणला मासे घ्यायला गेलं की मासेवाल्या मावशी हटकून विचारायच्या, "साहेब, किती इमानं पाडली?" ते तितक्याच हटकून सांगायचे, "एक बी न्हाय. पडू दिलं न्हाय ते इचारा." मावशींना हे उत्तर पसंत नव्हतं. त्या चिलापी तोलता तोलता पुटपुटायच्या, "मग कशाचं इमानदल."

त्यांच्या बोलण्यात हवाई दलाची हिंदी, इंग्रजी आणि सांगवीची मराठी अशी तिन्ही पिकं एकाच वाफ्यात असायची. शांत असले की हिंदी. काम चालू असलं की इंग्रजी. चिडले की थेट नीरेकाठची मराठी, आणि तीही अशी, की शेडला लागून राहणाऱ्या मालकिणीने एकदा मध्ये पडदा लावून घेतला. नाही म्हणायचं तर 'निगेटिव्ह'. सोमनाथच्या लग्नात पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला तर त्यालासुद्धा "निगेटिव्ह." वाढप्याला काही कळलं नाही, त्याने चार वाढल्या.

हत्यारांसाठी त्यांनी एक फळी केली होती. प्रत्येक पाना, प्रत्येक पेचकस जिथे टांगायचा तिथे त्याची सावली काळ्या रंगाने काढलेली. काम संपलं की सगळ्या सावल्या झाकल्या गेल्या पाहिजेत. एक जरी सावली उघडी दिसली तर तिन्ही ड्रोन जागेवर. "विमानात इसरलेला पाना दुश्मनापेक्षा वाईट. दुश्मन निदान समोरनं येतो."

एकदा दहा नंबरचा पाना सापडेना. कऱ्हाटीत दोन शेतकरी पाण्याच्या टाक्या भरून वाट बघत होते, अण्णांचे फोनवर फोन, आणि वॉरंटसाहेब आम्हाला शेडमधला प्रत्येक खोका उलटा करायला लावतायत. सोमनाथ म्हणाला, "साहेब, आपल्या ड्रोनमध्ये एवढा पाना मावतच नाही. दिसला असता."

"मावत न्हाय ह्ये तुला म्हाईत. पान्याला म्हाईत हाय का?"

अडीच तासांनी पाना सापडला. शेजारच्या चहाच्या टपरीवर. टपरीवाला त्याने आलं ठेचत होता, आणि चार तास ठेचत होता. "लई बेस बसतोय हातात," तो म्हणाला. सगळे श्वास रोखून बघत राहिलो की आता काय होणार. वॉरंटसाहेबांनी पाना घेतला, वास घेतला, धुतला, सावलीवर टांगला. मग वहीत लिहिलं: पाना क्रमांक दहा, चार तास परवानगीशिवाय गैरहजर, चहाच्या टपरीवर तैनात. आणि मग टपरीवर जाऊन एक कप मागवला.

या वहीबद्दल सांगायला हवं. मोठी, जाड, पुठ्ठ्याची वही. दर सकाळी प्रत्येक ड्रोन तपासायचा. सहाही हात, सहाही पंखे, टाकी, नळ्या, बॅटऱ्या. ड्रोनचे हात घडीचे असतात, घडीच्या सांध्याला एक कडी असते. त्या कडीवरून ते कापसाचा बोळा फिरवायचे. बारीक चीर असेल तर कापसाचा तंतू अडकतो. सगळं ठीक असलं तर निळ्या शाईत सही. नसलं तर लाल शाईत एकच शब्द: बसवला. निळी सही झाल्याशिवाय ड्रोन शेडबाहेर नाही.

"हवाई दल म्हंजी विमान न्हाय," ते आम्हाला सांगायचे, "हवाई दल म्हंजी सही. वरनं चीफपासनं हुकूम निघतो. दिल्लीवरनं कमांडला, कमांडवरनं स्टेशनला, स्टेशनवरनं स्क्वाड्रनला. खाली येत येत शेवटी एका सार्जंटपाशी येऊन थांबतो. हातात पेन, अंगाला ग्रीस. त्यानं सही केली तर विमान उडतं. चीफ त्याला बदली करू शकतो, घरी पाठवू शकतो. पन त्याच्या नावानं सही करू शकत न्हाय."

सोमनाथला हे सगळं नाटक वाटायचं. मलाही बरंचसं.

ते सगळ्यांना हुद्दे द्यायचे. सोमनाथ फ्लाइट लेफ्टनंट, मी फ्लाइंग ऑफिसर, टपरीवाला कँटीन इन्चार्ज, आबा 'व्हिजिटिंग एअर मार्शल'. नावाने, आडनावाने कुणालाच हाक नाही. आमच्याकडे माणूस पहिल्यांदा भेटला की दुसऱ्या वाक्यात आडनाव येतं, तिसऱ्यात गावाची कुठली आळी, आणि चौथ्यात माणसाने खुर्ची पुढे करायची की नाही हे ठरलेलं असतं. सांगवीकडचे एक बागायतदार एकदा नोंदणीला आले. त्यांनी वॉरंटसाहेबांना गोड आवाजात विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात?"

"मास्टर वॉरंट ऑफिसर, रिटायर्ड."

"ते झालं. पन आडनाव?"

"तेच."

"सांगवीत कुठल्या बाजूला घर?"

"पश्चिम कमांड," वॉरंटसाहेब म्हणाले, आणि ड्रोनच्या टाकीचं झाकण उघडून दाखवायला लागले.

बागायतदार गेल्यावर मी हसत होते. वॉरंटसाहेब हसत नव्हते. कापसाचा बोळा बोटात फिरवत म्हणाले, "माझा बाप सांगवीत ज्या मानसांनी पहिल्यांदा धम्माची दीक्षा घेतली त्यातला. शाळेत गुरुजी मला आडनावानं हाक मारायचे, आनि ती हाक कशी असायची ते मी तुला करून दाखवनार न्हाय. हवाई दलात पहिल्या दिवशी एका सार्जंटनं मला शिवी दिली. पन हुद्द्यानं. 'अबे ए एअरक्राफ्ट्समन.' बाजूच्या पोराला बी तीच शिवी, त्याच हुद्द्यानं. तो पोरगा कुठल्या घरचा, मी कुठल्या घरचा, त्याला काय पडलेली न्हवती. मला ती शिवी लई आवडली." मग एकदम चिडून, "फ्लाइंग ऑफिसर, नळी क्रमांक चार कुनी धुतली न्हाय!"

मी नळी धुवायला गेले. पण त्या दिवसापासून तो तक्ता मला नुसता गमतीचा वाटला नाही.

आता त्या प्रात्यक्षिकाबद्दल.

सांगवीजवळच्या एका मळ्यात कृषी मेळावा होता. दिल्लीचे एक बडे पाहुणे येणार होते. आमच्या गटाने ड्रोन उडवून दाखवायचा, उसावर नुसतं पाणी फवारायचं, टाळ्या, फोटो. अण्णांनी नवं जाकीट शिवून घेतलं होतं. तीनपैकी एक ड्रोन दुरुस्तीला कंपनीत, एक इंदापूरकडे सोमनाथबरोबर कामावर. उरला एक, आणि तो उडवणार होते मी.

सकाळी शेडमध्ये तपासणी चालू होती. दुसऱ्या हाताच्या कडीवरून कापूस फिरवताना वॉरंटसाहेब थांबले. पुन्हा फिरवला. मला म्हणाले, "तू बघ." मी फिरवला. बारीक तंतू अडकला. कडीवर केसासारखी रेघ होती. त्यांनी लाल पेन काढलं.

पाच मिनिटांत अण्णा हजर. "वॉरंटसाहेब, काल उडालाय तो!"

"काल उडाला. आज बसलाय."

"अहो, दहा मिनिटांचा प्रश्न हाय. दिल्लीचा मानूस येतोय!"

"दिल्लीचा मानूस सांगू शकतो लढाई करा. ह्ये मशीन उडवा असं दिल्ली बी सांगू शकत न्हाय."

"ही शाळेची वही हाय, वॉरंट!" अण्णा पहिल्यांदाच 'साहेब' विसरले. "हे हवाई दल न्हाय. कोंबड्यांची शेड हाय!"

वॉरंटसाहेबांनी लाल नोंद पुरी करून वही मिटली. अण्णा माझ्याकडे वळले. "ताई, तू उडवणार का, का मी भिगवणवरनं दुसरा पायलट बोलावू? आणि मग तो कायमचाच राहील, हे ध्यानात घे."

मी वॉरंटसाहेबांकडे बघितलं. वाटलं होतं ते काहीतरी म्हणतील, मला त्यातून सोडवतील. ते नुसते बघत होते. मी म्हणाले, "उडवते." आणि ड्रोन गाडीत ठेवला.

मला वाटलं होतं ते घरी जातील. ते आमच्या आधी मळ्यात पोचले होते. मांडव अगदी फडाला लागून घातला होता, पुढे सोफे, मागे खुर्च्या, बायका-माणसं मिळून दोनेकशे. वॉरंटसाहेबांनी कुठून तरी सोल, म्हणजे जाड दोर, पैदा केला, खुंट्या ठोकून तो गोल ताणला आणि माणसं मागे रेटायला सुरुवात केली. "पन्नास पावलं! मावशी, तुमी बी! एअर मार्शल, काठी उचला!" आबांनी काठी उचलली. माणसं कुरकुरत हटली. राहिले पुढच्या सोफ्यावरचे पाहुणे, जे एव्हाना येऊन बसले होते आणि नारळपाणी पीत होते.

वॉरंटसाहेब त्यांच्यासमोर खाडकन उभे राहिले. "सर, यू आर इन माय सर्कल."

"मतलब?" पाहुणे म्हणाले.

मतलब सांगण्यात वेळ न घालवता वॉरंटसाहेबांनी सोफ्याचं मागचं टोक धरलं, टपरीवाल्याला दुसरं टोक धरायला खूण केली, आणि दिल्लीचे पाहुणे नारळासकट पन्नास पावलं मागे ओढून नेले. अण्णा जाकीट सावरत मागे धावले. पाहुणे मात्र गंमत वाटून हसत होते. बहुधा त्यांना वाटलं, हा बारामतीचा स्वागताचा प्रकार असेल.

मी ड्रोन उडवला. दहा मिनिटं. उसाच्या तुऱ्यांवरून पाण्याचा फवारा, उन्हात त्यात इंद्रधनुष्य दिसायला लागलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर झाले. माझी नजर फक्त दुसऱ्या हातावर होती. तो हात निखळला तर यंत्र कुठल्या बाजूला कलंडेल, हेच मनात चाललं होतं. वॉरंटसाहेब सोलाच्या आत, माणसं आणि ड्रोन यांच्या मध्ये उभे होते, पाठ माणसांकडे करून. ड्रोन वळला की तेही त्याच्या बाजूने सरकत होते.

काहीच झालं नाही. ड्रोन नीट उतरला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: मध्ये पाहुणे, त्यांच्या बाजूला अण्णा, आणि कोपऱ्यात अर्धी मी.

आठवडाभर वॉरंटसाहेबांची टिंगल झाली. टपरीवर कुणी कप खाली ठेवला की दुसरा म्हणायचा, "बसवला!" अण्णांनी तर ती कडी काढून कंपनीला पाठवली आणि उत्तर आल्यावर शेडमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. कंपनीने कळवलं होतं, की ती चीर नाही, साच्यातून निघताना राहिलेली रेघ आहे. कडी पूर्णपणे ठीक आहे.

वॉरंटसाहेबांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला, आणि म्हणाले, "ठीक. मी चुकलो." वही उघडली, त्या दिवसाच्या लाल नोंदीखाली लाल शाईतच लिहिलं: कडी ठीक होती. माझा निर्णय चूक. खाली सही. अण्णांना एवढ्या सरळ विजयाची सवय नव्हती. त्यांनी कागद परत घेतला आणि ते निघून गेले.

अण्णा गेल्यावर वॉरंटसाहेब माझ्याकडे वळले. "फ्लाइंग ऑफिसर, उद्यापासनं एक महिना टाक्या धुवायच्या. उडवायचं न्हाय."

मला राग आला. "का? कडी ठीक होती ना! कंपनीच म्हणतीय!"

"कडी ठीक हाय ह्ये तुला आज कळलं. त्या दिवशी उडवताना तुला काय वाटत होतं?"

मी वहीतल्या लाल नोंदीकडे बघितलं.

"मला वाटत होतं चीर हाय," ते म्हणाले, "आनि मी न्हाय म्हनालो. तुला बी वाटत होतं चीर हाय, आनि तू दोनशे मानसांपुढं उडवलंस. मी चुकलो ते डोळ्यानं. तू चुकलीस ते कशानं, ते टाकी धुताना इचार कर."

मग बऱ्याच वेळाने, बोळे आवरता आवरता, त्यांनी सांगितलं. कॉर्पोरल असताना एकदा ब्रेकच्या नळीची शंका होती. वैमानिक घाईत होता, हुद्द्याने कितीतरी मोठा. यांनी सही केली. विमान पन्नास मिनिटं हवेत होतं. "पन्नास मिनिटं मी धावपट्टीच्या कडंला हुभा. विमान आलं, उतरलं, वैमानिक शीळ घालत गेला. काय सुदिक झालं न्हाय. तेच वाईट. काय झालं असतं तर शिक्षा झाली असती आनि मिटलं असतं. मीच जाऊन विंग कमांडरला सांगितलं. सात दिवस जादा ड्यूटी दिली त्यानं, आनि शिव्या. हुद्द्यानं."

मी महिनाभर टाक्या धुतल्या. अण्णा दोनदा म्हणाले, "वॉरंटला मी सांगतो, तू उडव." दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. अण्णांना काहीच उलगडा झाला नाही.

पण त्या कंपनीच्या पत्राचा किडा वॉरंटसाहेबांच्या डोक्यात शिरला होता. साच्याची रेघ आणि चीर यांतला फरक आपल्याला दिसायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. कुणाला न सांगता ते बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये आले, लाल पेन काढलं आणि वहीत ड्रोनच्या रकान्यात स्वतःचा हुद्दा लिहिला. मास्टर वॉरंट ऑफिसर. दोन्ही डोळे मोतीबिंदू. बसवला. मग निळं पेन माझ्यापुढे सरकवलं.

"मी?" मी म्हणाले. "सोमनाथ सीनियर आहे."

"सोमनाथ चांगला उडवतो. त्याला टाक्या धुवायला लावल्या न्हाईत कुनी."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली. सतराव्या दिवशी काळा चष्मा लावून स्वारी शेडमध्ये. सोबत मुलगी, नागपूरहून आलेली, वैतागलेली. "ऐकतच नाहीत हो," ती म्हणाली. वॉरंटसाहेब म्हणाले, "फिट. उद्यापासनं सही माझी."

"आधी तपासणी," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी एक ड्रोन टेबलावर ठेवला. ते मुदतीआधीच येणार हे ओळखून तो मी बाजूला घेऊन तिसऱ्या हाताचा एक स्क्रू काढून ठेवला होता. ते बसले, चष्मा वर केला, एकेक हात बघितला. बोलताना आवाज पूर्वीसारखाच खणखणीत. "एक, ओके. दोन, ओके. तीन, ओके." सहापर्यंत गेले. "फिट."

"तीन परत बघा."

"बघितला की."

"हाताने बघा."

त्यांनी बोट फिरवलं. बोटाचं टोक मोकळ्या भोकावर जाऊन थांबलं. अण्णा जाकीट घालून दारात उभे होते. मुलीने तोंड फिरवलं.

मी वही ओढली आणि लाल शाईत लिहिलं.

"बत्तीस वर्षं!" ते एकदम उसळले. "बत्तीस वर्षं मी ह्येच केलंय! तू कालची पोरगी, कऱ्हाटीची! तुला ह्यो पाना कसा धरायचा ते कुनी शिकवलं गं?" पुढचं जे होतं ते नीरेकाठचं होतं, ते इथे लिहिता येत नाही. मी पेन हातात धरून उभी राहिले. लिहिलेलं खोडलं नाही. बोलून बोलून ते दमले. चष्मा खाली ओढला.

"काय लिवलंस? वाच."

मी वाचलं. "मास्टर वॉरंट ऑफिसर. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत बसवला."

"खाली कुनाची सही?"

"माझी."

"आनि ज्याला बसवला त्याची? त्याला वाचून दाखवलं, त्याला मान्य हाय, ह्याची सही कुठं हाय? अर्धी नोंद करतीस व्हय?"

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना ओळ दिसत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. मी त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. त्यांनी निळं पेन बाजूला सारलं, चाचपून लाल उचललं आणि झोकात सही केली. अर्धी वहीच्या पानावर आली, अर्धी कडेने खाली उतरून टेबलावर.

मुलगी त्यांना हाताला धरून गाडीकडे घेऊन गेली. ते जाताना बाहेर बसलेल्या आबांना मोठ्याने सांगत होते, "पोरीनं बसवला मला. भर दरबारात. स्क्रू काढून!" आवाज रागाचा होता की कसला, ते मला पाठमोऱ्या माणसावरून ओळखता आलं नाही.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मुलीने नागपूरला करून घेतलं, आणि मग तिने त्यांना परत येऊ दिलं नाही.

त्यांची गाडी गेली त्या दिवशी अण्णांनी सोमनाथला सांगितलं, "ते टेबल जरा थिनर लावून पुसून घे रे, शाई लागलीय."

मी म्हणाले, "निगेटिव्ह."